नायट्रोजनचक्रातली एक ओळ

‘वनस्पती जमिनीतून नायट्रेट शोषून घेतात व त्यापासून प्रथिने तयार करतात.’ नायट्रोजनचक्राची आकृती काढून खाली एवढं लिहिलं की गुण पदरात पडायचे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी बरेच जण लिहितील. मी त्या ‘व’च्या आत काय घडतं ते लिहितो.

मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचं आधी नायट्राइट होतं. हे करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मॉलिब्डेनम हा धातू लागतो, अगदी कणभर, पण लागतोच. नायट्राइट विषारी, म्हणून पेशी ते साठू देत नाही. पानात हरितलवकात लगेच त्याचं अमोनियम होतं. त्याला लागणारे सहा इलेक्ट्रॉन प्रकाशक्रियेतून येतात. म्हणूनच युरियाचा मारा केलेल्या पालकात ढगाळ हवेत नायट्रेट साचून राहतं. पुढे अमोनियम ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडून ग्लुटामाइन बनतं आणि तिथून अमिनो गट इतर आम्लांकडे जातो; अशी प्रथिनांची अमिनो आम्लं तयार होतात. त्यांचा कार्बनचा सांगाडा मात्र साखरेतूनच यायचा. मेथिओनिन, सिस्टीन या अमिनो आम्लांसाठी गंधक हवं. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता, कोवळी पडली तर बहुधा गंधकाची. कारण नत्र झाडात सहज हलतं, गंधक तितकं नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडायला मुळांवरच्या गाठींतले जिवाणू एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, 16 रेणू खर्च करतात, आणि तो खर्च झाडाच्या साखरेतून भागतो. आयता युरिया मिळाला तर झाड गाठी कशाला पोसेल? पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम (याच जिवाणूंचं खत) गार गुळपाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा आणि सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. इथेच बहुतेकांचं उलटं होतं नि जिवाणू मरतात.

गाठी काम करतात का, हे शाळेतल्या मुलांना सहज तपासता येईल. पेरणीनंतर सुमारे 40 दिवसांनी सोयाबीनचं एक रोप घ्या, पण उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, मुळं पाण्यात हलकेच धुवा, जाड गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लाल रंगाचं प्रथिन) आहे, काम चालू आहे. पांढरी असेल तर गाठ कोवळी किंवा निकामी; हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. पाणी तुंबलेल्या कोपऱ्यातलं एक रोपही काढा. तिथे मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे गाठी कमी आणि फिक्या दिसतील.