पद्मिनीला ऊन लागतं: इलेक्ट्रिक पंप बसवला त्याची नोंद

आमची पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी फियाट, घरीच दुरुस्त करतोय; मागच्या वेळी तिच्या ब्रेकपर्यंत लिहिलं होतं, मग कापूस, मग तूर, गाडीला हातच लागला नाही. आणि मे मध्ये भाच्याच्या साक्षगंधाला वरोऱ्याला निघालो तर जामचा चौरस्ता सोडून पाच-सहा किलोमीटर गेलो नसेल, गाडीने दोन आचके दिले आणि बसली. दुपारचे दीड, पारा ४५ च्या वर, मागच्या सीटवर आई, डिक्कीत संत्रा बर्फीचे डबे. टपरीवरचे एक काकाजी उठून आले, बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "ऊन लागलं वाट्टे गाडीले."

शंभर टक्के बरोबर होतं त्यांचं. बाबांच्या काळापासूनचा इलाज म्हणजे दुपट्टा भिजवायचा, फ्युएल पंपावर (टाकीतून इंजिनकडे पेट्रोल आणणारा) गुंडाळायचा, पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसायचं. तोच केला, गाडी चालू झाली, वरोऱ्यापर्यंत अजून दोनदा बसली. आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती.

आता सरळ पंपावर जाण्याआधी एक सांगतो, कारण मी स्वतः दोन वर्षं चुकीच्या जागी खाजवत होतो. गरम झाल्यावर इग्निशन कॉइल (स्पार्कचा करंट देणारी) मेली तरी अगदी हेच होतं, गाडी बसते, थंड झाली की चालू. मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, काही फरक नाही. ओळखायचं असेल तर गाडी बसल्या बसल्या, थंड व्हायच्या आत, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) तोंडात बघायचं आणि थ्रॉटल हाताने झटकन ओढायचा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल आहे, करंट शोधा. माझ्यात थेंब नव्हता. मग पंपाखालची हाताने मारायची दांडी हलवून पाहिली तर ती स्पंजसारखी लागत होती, आणि पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल कमी अन बुडबुडेच जास्त.

हे का होतं ते आपल्या शेतकऱ्याला समजवायला सोपं आहे. विहिरीच्या काठावर मोटर ठेवली तर ती पाणी वर कितीही ढकलेल, पण खालून ओढताना पंचवीसेक फुटांच्या पुढे हात टेकते, फुटव्हॉल जरा गळला की हवा धरते आणि नुसती घुं घुं करते. म्हणून तर सगळ्यांनी सबमर्सिबल पाण्यात सोडल्या. पद्मिनीचा मूळ पंप काठावरच्या मोटरसारखा आहे, इंजिनच्या ब्लॉकला चिकटलेला, कॅमशाफ्टवर हलणारा, मागच्या टाकीतून अख्ख्या गाडीची लांबी पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, आणि वरून पंप तापलेल्या लोखंडाला बोल्ट केलेला. पेट्रोलमधला हलका भाग तर चाळीसेक डिग्रीपासूनच वाफ व्हायला लागतो. डायफ्रॅम, म्हणजे पंपातला हलणारा पडदा, मग वाफ दाबत बसतो आणि वाफ दबते, पुढे काही जातच नाही.

बाबांच्या वेळी वर्षातून एखाद-दोनदा व्हायचं, आता दर उन्हाळ्यात. मला वाटतं पेट्रोल पंपांवर आता जिकडे तिकडे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं त्याचाही हात आहे यात. इथेनॉल एकटं ७८ डिग्रीला उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की सत्तरच्या आसपासच मिश्रणातला बराच जास्त भाग उडून जातो, आणि घाटात किंवा सिग्नलला बॉनेटखाली तेवढं तापमान सहज होतं. रबराचं तर विचारूच नका. माझा १९८९ चा मॉडेल, त्यातली जुनी नळी बोटाने दाबली तर काळं बोटाला लागत होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता तो वेगळाच, म्हणजे डायफ्रॅम झिरपून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. तेव्हाच ठरवलं, मूळ पंप काढायचा, रिपेअर किट नको.

आता माझा शहाणपणा. नागपूरला एका दुकानात गेलो, गाडी सांगितली, काउंटरवरच्या पोट्ट्याने एक गोल, चकचकीत पंप काढून दिला, "कोन्त्याही गाडीले चालते भाऊ." मीही प्रेशर न विचारता घेऊन आलो. घरी तात्पुरता जोडला, चावी फिरवली, आणि दोन सेकंदात कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल भळाभळा बाहेर, मॅनिफोल्डवर, तिथून खाली. इंजिन थंड होतं म्हणून हे लिहायला जिवंत आहे. चावी बंद केली, बॅटरीची तार उपटली, वाळू टाकली, अर्धा तास कोणाला बिडी पेटवू दिली नाही. तो पंप इंजेक्शनच्या गाडीचा, ३ बार दाबाचा, म्हणजे ४३ पीएसआय. आपल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवायला काय आहे तर फ्लोटने ढकललेली एक सुई, बाजरीच्या दाण्याएवढं तिचं टोक. ती दोन-तीन पीएसआयला बसून राहते, पाचच्या वर गेलं की उचलली जाते.

आणि किती पेट्रोल लागतं याचा हिशोबही मी नंतर केला, आधी करायला पाहिजे होता. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, पूर्ण दाबून चालवली तरी तासाला बारा लिटरच्या आसपास. बाजारातला लहानातला लहान इलेक्ट्रिक पंपसुद्धा त्याच्या कितीतरी पट देतो. म्हणून दुकानदार "इतके लिटर देते" म्हणून सांगायला लागला की दुर्लक्ष करा आणि प्रेशर विचारा.

दुसऱ्यांदा कार्बोरेटरवाला चौकोनी पंप मागवला, फॅसेट कंपनीच्या ठोकळ्यासारखा दिसणारा पण नक्कल, अस्सलचे पैसे खिशात नव्हते. लेबलवर २.५ ते ४ पीएसआय. लेबलवर विश्वास नव्हताच, नळीत टी लावून प्रेशर गेज जोडला तर बंद तोंडाला ५.५ दाखवत होता. म्हणून पुढे कार्बोरेटरच्या आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावला आणि गेजवर बघून २.५ ला आणला. रेग्युलेटरच्या डायलवर जे आकडे छापलेत ते शोभेचे समजा, माझा ३ वर ठेवला तर गेज सव्वाचार सांगत होता.

बसवायची जागा मागे, टाकीच्या जवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली आणि सायलेन्सरपासून लांब. म्हणजे तीच सबमर्सिबलची गोष्ट, पेट्रोल आपोआप पंपात उतरलं पाहिजे, पुढचं काम ढकलण्याचं. ढकललेल्या नळीत दाब राहतो, तिथे सहजासहजी वाफ धरत नाही. ठोकळा उभा तिरका ठेवला, बाहेरचं तोंड वर, म्हणजे हवा अडकत नाही. पंपाच्या आधी फिल्टर, कारण पस्तीस वर्षांच्या टाकीतून काय काय येईल सांगता येत नाही (माझ्या फिल्टरमध्ये पहिल्याच आठवड्यात चहा पावडरसारखा गंज). नळी सगळी नवीन, इथेनॉल चालणारी, आर९ लिहिलेली. पुढे मूळ पंपाच्या जागी खराद्याकडून पाच एमएमची अल्युमिनियमची पट्टी कापून घेतली, गॅस्केट लावून बंद केली.

वायरिंगमध्ये मात्र पूर्ण एक रविवार गेला. बॅटरीवरून साडेसात अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (करंटने चालणारा स्विच) ३० नंबरला, ८७ मधून पंपाला, ८५ अर्थ, ८६ ला इग्निशनचा करंट. सगळं बरोबर, तरी पंप मेल्यासारखा टक... टक... करायचा. आमचे मिस्त्री म्हणाले पंपच डुप्लिकेट आहे, फेका. मीटर लावला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि चालू पंपावर ९.८. पंप रबरावर टांगलेला म्हणून त्याला वेगळी अर्थची तार दिली होती, आणि ती मी डिक्कीखालच्या ज्या स्क्रूला बांधली तिथे रंगाचे तीन थर आणि खाली गंज. पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, वर ग्रीस फासलं. १२.१ आले आणि पंप टकटकटकटक बोलायला लागला. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग, अर्थ तर पाह्याच लागते ना बापा."

एक गोष्ट टाळू नका. मूळ पंप इंजिन बंद पडलं की आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप थांबत नाही, चावी चालू आहे तोपर्यंत ओतत राहतो, मग गाडी उलटी पडलेली का असेना अन नळी तुटलेली का असेना. म्हणून ८६ च्या तारेत भंगारातल्या पॅलिओचा इनर्शिया स्विच टाकला, धक्का बसला की करंट तोडतो, वरचं बटण दाबलं की परत चालू. हातोडीच्या दांड्याने ठोकून तपासला. फियाटचाच भाग फियाटला लागला याचा उगाच आनंद झाला. त्याच तारेत डॅशखाली एक लपवलेला स्विचही आहे, चोरासाठी, पण परवा मीच विसरलो आणि दहा मिनिटं स्टार्टर मारत बसलो.

नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) मुद्दाम दुपारी दोनला काढली. हिंगणघाटहून गिरडला गेलो, टेकडीच्या पायथ्याशी इंजिन चालूच ठेवून अर्धा तास उभी केली, मग बंद करून दहा मिनिटांनी परत चावी. हीच तिची जुनी खोड होती, तापलेली बंद केली की संपलं. चावी दिली, मागून पाच-सहा टकटक ऐकले, आवाज जड होऊन थांबल्यासारखा झाला म्हणजे कार्बोरेटर भरला, आणि अर्ध्या फेरीत चालू. येताना एकदाही बसली नाही. दुपट्टा डोक्यालाच बांधलेला राहिला.

आवाजाचं मात्र करायचं आहे काहीतरी. आई परवा मागे बसली होती, मांडगावपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "डिक्कीत पाल चुकचुकून राहिली, काढ थे आधी." पंपाखाली अजून एक मऊ रबर टाकून बघतो.

बाकी राहिलेलं, टाकीकडे परत जाणारी बारीक रिटर्न लाइन, म्हणजे पेट्रोल फिरत राहील आणि थोडीफार वाफ झालीच तर परत जाईल, ते दिवाळीनंतर. आणि ई२० वर गाडी जरा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, चढावर धाप लागते, तर सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कोणी एक नंबर मोठा टाकून पाहिला असेल तर स्पार्क प्लगचा रंग कसा आला तेवढं सांगा.