वसईच्या कॅप्टनचं पिस्तूल

मागच्या पावसाळ्यात एका ऐतिहासिक नाटकाची प्रॉपर्टी माझ्याकडे आली. ढाल-तलवारी, मशाली, पानदान, खलिते हे नेहमीचंच. नवीन होतं ते पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल. नाटक चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेवरचं, साल १७३९. संहितेप्रमाणे शेवटच्या प्रवेशात हा अधिकारी पिस्तुलाचा घोडा ओढतो, ठिणगी पडते पण बार उडत नाही, आणि मग तो पिस्तूल अप्पांच्या पायाशी ठेवतो.

फायबरची पिस्तुलं भाड्याने ढीगभर मिळतात. पण फायबरच्या पिस्तुलातून ठिणगी कशी पडणार? गोरेगावच्या एका प्रॉपर्टीवाल्याच्या गोडाऊनमध्ये कुणीतरी कधीकाळी परदेशातून आणलेली, शोभेच्या पिस्तुलांची तीन कीट धूळ खात पडल्याचं कळलं. लाकूड अर्धवट कोरलेलं, पितळ ओतीव आणि खरबरीत, बाकी सगळं आपण घासून बसवायचं. तिकडे हा छंद आहे. गोडाऊनमध्ये मी सगळ्यात आधी प्रत्येक नळीत तार घालून बघितली. तिन्ही ठिकाणी इंचभर आत गेली आणि अडली. पुढे नळी भरीव आणि बाजूला आतल्या दारूपर्यंत आग पोचवणारं बत्तीचं भोकच नाही. हे नीट बघावंच लागतं, कारण खोट्या बंदुकीची परवान्याशिवाय खरी करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि मला नाटक करायचं होतं, कोर्टाच्या तारखा नव्हे. तरीही निर्मात्याच्या लेटरहेडवर पत्र घेऊन पोलीस ठाण्यात कळवून ठेवलं. ठिणगी पाडणारी वस्तू दादर स्टेशनवर पिशवीतून न्यायची म्हणजे कागद हवाच.

पहिलं कीट दिसायला राजेशाही होतं. आठ पैलूंची नळी, अक्रोडाचं लाकूड, मुठीला नक्षी. दिग्दर्शकाचा असिस्टंट त्याच्या प्रेमातच पडला. पण ते टोपीचं पिस्तूल होतं, म्हणजे घोडा टोपीतल्या दारूवर आपटून बार उडवणारं. ठोक्याने पेट घेणाऱ्या दारूचं पेटंट स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं, आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतरची. १८५७ च्या नाटकाला चाललं असतं, वसईला नाही.

दुसरं आम्हाला हवं तसं गारेचंच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारं, पण त्याचा दारू ठासायचा गज नळीच्या तोंडाशी कडीने जोडलेला, स्प्रिंगवर छोटं चाक, आणि यंत्राची पट्टी, म्हणजे ज्या पत्र्यावर घोडा बसवतात ती, खालून अगदी सरळ. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की ते पिस्तूल अठराव्या शतकाच्या अगदी अखेरचं किंवा त्यानंतरचं समजावं. प्रेक्षकाला हे कळत नाही हे मला मान्य आहे. पण मला कळतं, आणि प्रॉपर्टीचं काम मी करतो, प्रेक्षक करत नाही.

तिसरं सगळ्यात गरीब. बीचचं फिकट लाकूड, स्टार स्क्रू, पितळेवर ओतकामाची वाळू तशीच चिकटलेली. पण यंत्राच्या पट्टीची खालची कड केळ्यासारखी बाकदार होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातली पट्टी अशीच असायची. शिवाय मुठीच्या वळणावर लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळलेल्या, आडव्या कापल्या गेलेल्या नाहीत. आडव्या रेषांची मूठ पडली की तिथेच तुटते, आणि नाटकात वस्तू पडतातच. मी तेच उचललं. असिस्टंटचा चेहरा पडला.

लालबागच्या माझ्या गाळ्यात जुलै महिना म्हणजे छळ. आजूबाजूला ताडपत्रीखाली गणपतींचं काम जोरात आणि हवेत नुसतं पाणी. नळी लाकडात बसवायची जुनी रीत आहे. दिव्यावर नळीला काजळी धरायची, ती खाचेत दाबायची, उचलायची. जिथे लाकडावर काळा डाग उमटला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं, कागदाएवढं पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटी खाच तळापर्यंत काळी होते, तेव्हा नळी बसली. घाई करून कानस फिरवली की कडेला फट राहते आणि ती फट कुठल्याही पुट्टीने झाकत नाही.

मग बाहेरचं लाकूड उतरवायचं. कीटमध्ये ते मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं आणि नवखा माणूस ते तसंच ठेवून पॉलिश मारतो. त्याने पिस्तूल सुजल्यासारखं दिसतं. माझ्याकडचे पॉलिशवाले काका सावंतवाडीकडचे, त्यांचा हात या कामात फार हलका. त्यांनी लाकडावर ओलं फडकं फिरवून रोवा उठवला, सुकल्यावर बारीक पेपर मारला, परत ओलं फडकं. रंगासाठी मी स्टेन आणला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. बीचच्या लाकडात टॅनिन नसल्यात जमा, म्हणून त्यांनी आधी हिरड्याचा पातळ काढा लावला आणि वरून व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून केलेलं पाणी. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, आपल्याकडे दौतीसाठी ती अशीच करायचे. पातळ लावल्यामुळे लाकूड राखाडी-तपकिरी झालं, आणि जवसाचं तेल चढताच त्यातून ऊब आली.

तेल मात्र काही केल्या सुकेना. काका म्हणाले, "ह्या पावसात तेल कसला सुकतला? तू नाटक दिवाळीक कर." अगदी थोडं लावायचं, हाताच्या गरमीने चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं, असे पातळ हात देत गेलो. पुसलेली फडकी पाण्याच्या बादलीत. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. तेलकट बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात.

ठिणगीचं काम वेगळंच निघालं. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गार असते. ती समोरच्या पोलादी पट्टीवर आपटते, पट्टी मागे उलटते, खालची वाटी उघडते आणि ठिणग्या तिच्यात पडतात. खऱ्या पिस्तुलात त्या वाटीत रंजक, म्हणजे बत्तीची बारीक दारू असते. आमच्या वाटीत अर्थात काही नव्हतं. पण ठिणगी दगडाची नसते. गार पोलादाचे बारीक कण तासते आणि ते कण हवेत जळतात. कीटमधली पट्टी इतकी मऊ की गार तिच्यावर फक्त ओरखडे काढायची. लोहार चाळीत हल्ली वायरी आणि दिवे मिळतात, म्हणून लोहार शोधायला रे रोडला दारूखान्यात गेलो. तिथल्या मिस्त्रीने एका झिजलेल्या कानशीचा तुकडा नरम करून, बाक देऊन पट्टीच्या तोंडावर रिवेटने बसवला, मग लाल करून पाणी पाजलं. अशी झिजलेली पट्टी नव्या पोलादाने मढवायची पद्धत जुन्या बंदूकवाल्यांचीच. गारेऐवजी अकिकाचा तुकडा लावला, तोही त्याच जातीचा दगड. गाळ्यातला दिवा घालवून घोडा सोडला तर ठिणग्यांचा झुपकाच खाली पडला. पलीकडच्या मूर्तिकाराची पोरं "परत, परत" करत उभी राहिली.

नळी मी हाताने घासली, लांबीच्या दिशेने, तेल आणि पेपर. बफिंग मशीनवर नळीच्या धारा गोल होतात आणि वस्तू स्टीलच्या भांड्यासारखी दिसायला लागते. स्टार स्क्रू फेकून साध्या खाचेचे बसवले.

आणि मग दिग्दर्शक बघायला आला. पस्तिशीचा हुशार मुलगा. पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "दादा, काम झकास आहे. पण हे नवं दिसतंय. जरा गंज, जरा काळपट करू या ना?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. तलवार गंजलेली हवी, तांब्या चेपलेला हवा, शेला विटलेला हवा. आपण जुन्या वस्तू म्युझियमच्या काचेआड बघतो, म्हणून आपल्याला वाटतं त्या तेव्हाही तशाच होत्या. मी म्हटलं, "अरे बाबा, १७३९ साली हे पिस्तूल नवंच होतं. नळ्या काळपट-तपकिरी करायची लष्करी पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी सैनिक विटेची पूड आणि तेल घेऊन घासत बसायचे. कॅप्टनचं पिस्तूल गंजलेलं दिसलं तर त्याचा गडी मार खाईल."

तो हसला. "ठीक आहे, चकचकीत ठेवू. अप्पांच्या पायाशी ठेवताना लाइट छान पकडेल."

तेव्हा मी दुसरी गोष्ट काढली, जी बरेच दिवस मनात होती. वसईचा तह. पोर्तुगीजांनी मे महिन्यात किल्ला दिला तो मानाच्या अटींवर. शिबंदीने हत्यारांसकट, ढोल वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडायचं, असं ठरलं होतं. मग हा अधिकारी पायाशी पिस्तूल कसा ठेवेल? आणि अप्पा ते कशाला मागतील? हत्यार घेऊन जाऊ देण्यातच जिंकणाऱ्याचा रुबाब आहे.

दिग्दर्शक गप्प झाला. त्याने तिथूनच नाटककाराला फोन लावला. बाहेर पाऊस इतका की तो गाळ्याच्या आत-बाहेर करत ओरडून बोलत होता. बऱ्याच वेळाने आत आला. "लेखकाला पटलं. शेवट बदलतोय. कॅप्टन ताठ मानेने निघून जातो, मागे ढोल. अप्पा फक्त बघत राहतात. दादा, कडक झालाय प्रवेश!"

"आणि ठिणगी?" मी विचारलं.

"ठिणगी कुठे बसते आता? तो बार काढणारच नाही ना. पिस्तूल कमरेलाच राहील."

काका पॉलिशचं फडकं बादलीत टाकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खो-खो हसायला लागले.

रंगीत तालमीला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. पट्ट्यातून बाहेर दिसत होती फक्त मूठ आणि तिची पितळी टोपी. कॅप्टन विंगेत जाताना ती एकदा लखकन चमकली. शेवट खरंच चांगला झाला होता, ढोल विंगेत विरेपर्यंत कुणी हललं नाही. ठिणगीचा उपयोग आता बॅकस्टेजच्या पोरांना. प्रयोगाआधी अंधारात घोडा ओढून एकमेकांना दाखवत बसतात, आणि नटाच्या घामाचे ठसे सकाळपर्यंत गंजतात म्हणून रोज तेलाचं फडकं मारायचं काम मी त्यांच्याच गळ्यात घातलंय.

निर्मात्याने बिल बघितलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवला. "दादा, दारूखाना, अकीक, कानस... हे काय? दिसते तर नुसती मूठ. मूठ तेवढी बनवायची ना!"

मी म्हटलं, पुढच्या वेळी संहिता आधी द्या. पैसे त्यांनी दिले, दोन हप्त्यांत.