मनीचे सोपस्कार

सकाळी सहाला मी दुधाची पिशवी फोडायला उठलो की आमच्या मनीचे सोपस्कार सुरू होतात. आधी फ्रिजच्या कोपऱ्याला अंग घासायचं, मग ओट्यापाशी एक गिरकी, मग एकच म्यांव. तेव्हा कुठे वाटी पुढे येते. "पूजेआधी आचमन असतं तसं आहे तिचं," आई म्हणते.

गिरकीचा आणि दुधाचा संबंध काय? कधीतरी ती गोल फिरली आणि नेमकं तेव्हाच दूध मिळालं असणार, एवढाच. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८मध्ये भुकेल्या कबुतरांपुढे ठरावीक सेकंदांनी दाणे येतील अशी सोय केली. पक्षी काहीही करो, दाणे येणारच. तरी आठपैकी सहांनी आपापलं कर्मकांड बसवलं. एक घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेई, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू पाही. दाणे आले त्या घडीला जे चाललं होतं, त्याला श्रेय मिळालं. कुत्र्याला 'बस' शिकवणारे म्हणून तर हातात क्लिकर ठेवतात. कुत्रं बसलं त्याच क्षणी 'टिक' वाजतं, म्हणजे बक्षीस नेमकं कशाचं ते कळतं. नाहीतर खिशातून खाऊ निघेपर्यंत बसलेलं कुत्रं उठलेलं असतं, आणि मग बक्षीस उठण्याला जातं!

फ्रिजचंही असंच असेल, असं मी धरून चाललो होतो. पण वाचनात गथ्री आणि हॉर्टन या मानसशास्त्रज्ञांची मांजरं भेटली. यांच्या पेटीत मधल्या दांडीला धक्का लागला की दार उघडे. मांजरं दर खेपेला जवळपास त्याच ढंगात दांडीला अंग घासत. १९४६मध्ये दोघांनी लिहिलं, हे शिकणं. १९७९मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवलं की समोर माणूस दिसला की मांजर असं घासतंच, दार उघडो न उघडो. माणूस नसला की घासत नाही. गथ्री-हॉर्टन तर पेटीसमोरच बसलेले. मांजरं बिचारी रामराम करत होती!

दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध ठेवून मी दाराआड लपलो. फटीतून पाहतो तो मनी आली. ओट्यापाशी गिरकी घेतली, कोणी नसताना. फ्रिजला शिवलीसुद्धा नाही. मी बाहेर आलो, तशी शेपटी ताठ करून तडक फ्रिजकडे गेली आणि घासू लागली.

"दाराआड काय करतोस रे?" आतून आई. "दूध गेलं उतू!"