बुडव्याचा फोन

"पप्पा, बुडव्याचा फोन आलाय!" आज उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात पोरगी मोबाईल नाचवत मोठ्याने ओरडली आणि शेजारचे तिघेचौघे वळून बघायला लागले.

बुडव्या म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, बारा हजार घेऊन गेलेला, 2019 पासून नंबर त्याच नावाने सेव्ह आहे. आणि दहाच मिनिटांपूर्वी बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 3, मागचं सोडून पुढे धावायचं, यावर मी मान डोलवत होतो. आमेन पण जरा जोरातच म्हणालो होतो बहुतेक.

हे पत्र लिहिणारा पौल म्हणजे तोच आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल ना, येशूला मानणाऱ्या स्तेफनाला दगडमार चालू असताना ज्याच्या पायाशी लोकांनी कपडे ठेवले होते. पुढे दिमिष्कात (दमास्कसमध्ये) प्रभूने हनन्या नावाच्या शिष्याला या शौलाकडे जा म्हटलं तर तो घाबरलाच, साहजिक आहे. पण गेला, त्याच्यावर हात ठेवले आणि पहिला शब्द काय, तर "शौल भाऊ".

स्वतःचं मागचं सोडायला मी कधीच तयार असतो हो, दुसऱ्याचं मात्र नावासकट जपून ठेवतो.

घरी येऊन नाव बदललं, 'दादा' केलं. फोन मात्र अजून उलटा लावलेला नाही. आधी काय बोलायचं असतं अशा वेळी?