दुरुस्ती जाहीर झाल्यानंतरचे दिवस

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या चार-पाच किराणा व्यापाऱ्यांचे हिशेब मी पाहतो. गेल्या महिन्यात त्यांपैकी एका दुकानात जीएसटीचे विवरणपत्र भरायला बसलो असता, हळद-मिरचीची पूड बसलेल्या त्या संगणकावर अपडेटची एकही सूचना येत नाही, हे माझ्या लक्षात आले. सेटिंग्ज उघडून पाहिले, तर शेवटचे अपडेट सव्वादोन वर्षांपूर्वीचे निघाले. नेट फार खर्च होते म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने ती सेवाच बंद करून ठेवली होती. मी ती सुरू करू लागताच गादीवरून शेठजी म्हणाले, “चालून राहिलं ना भाऊ, मंग कायले हात लावता त्याले?”

प्रश्न रास्त होता. चालता पंखा कोणी उघडून बसत नाही. पण पंख्यातून कोणी घरात शिरतही नाही.

कंपनी एखाद्या त्रुटीवर दुरुस्ती काढते, तेव्हा ती चोरांच्याही हाती पडते. जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे ते ताडून पाहतात आणि जिथे बदल झाला तिथेच भगदाड होते, हे त्यांना कळते. म्हणजे दुरुस्ती जाहीर होणे ही एका अर्थी दवंडीच असते. ज्याने ती बसवली नाही, त्याचा संगणक पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतो, आणि ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबताना नेमके हेच आपल्या ध्यानात येत नाही.

वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामचे उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचे वाटते. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. पुढच्याच महिन्यात त्या त्रुटीचा फायदा घेणारे, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेचे म्हणून ओळखले जाणारे हत्यार इंटरनेटवर उघड झाले आणि १२ मे रोजी वॉनाक्राय पसरला. दुरुस्ती आणि हल्ला यांच्यामध्ये तब्बल ५९ दिवस होते. कोणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवण्याचीही गरज नव्हती. एका संगणकातून दुसऱ्यात तो आपोआप शिरत गेला, फाइली कुलूपबंद करून ३०० डॉलर मागत राहिला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.

केवळ विंडोज अद्ययावत ठेवून भागत नाही. फाइली दाबून एकत्र बांधणारा विनरार हा प्रोग्राम जवळपास प्रत्येक दुकानात सापडतो. २०१९ मध्ये त्यातली सुमारे १९ वर्षे जुनी त्रुटी उघडकीस आली, आणि तेव्हा तो स्वतःहून अपडेट होत नसे : फसवी फाइल उलगडली की दुसरी फाइल गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसत असे आणि संगणक सुरू होताच आपोआप चालू होत असे.

अपडेटनेही घात होतो, हे मी नाकारत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. म्हणून आधी हिशेबाची प्रत काढून घ्यावी, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो. खरी अडचण वेळेची आहे. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, ११ तारीख नेमकी त्याच सुमारास येते. अशा वेळी संगणक ‘रीस्टार्ट करा’ म्हणू लागला की माझाही संयम सुटतो.

त्या दिवशी मी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला आणि मगच अपडेट सुरू केले. तीनदा रीस्टार्ट होईस्तोवर दुपार टळली. तोवर शेठजींना बिलबुकावर हाताने बिले फाडावी लागली आणि त्यांनी ते मला दोनदा ऐकवले. संध्याकाळी निघताना मात्र पेनड्राइव्ह त्यांनी मागून घेतला, कागदात गुंडाळला आणि गल्ल्यात, चिल्लरीच्या मागे ठेवून दिला.