चौदा वर्षांपर्यंत माफ

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. ते मौन धरून तप करत असताना चोर त्यांच्या आश्रमात माल दडवतात. शिपाई विचारतात, ऋषी बोलत नाहीत, आणि राजा त्यांनाही सुळी देतो. ते मरत नाहीत. मग राजा पाया पडतो, पण सूळ काही निघत नाही. शेवटी बाहेरचा भाग कापतात आणि उरलेलं टोक अंगात घेऊन ऋषी हिंडतात. म्हणून ते आणीमांडव्य (आणी म्हणजे सुळाचं टोक). पुढे ते थेट यमधर्मालाच गाठतात: मी असं केलं तरी काय? धर्म सांगतो, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस.

इथे मांडव्य मान खाली घालत नाहीत, म्हणून मला ते भारी आवडतात. एवढ्याशा अपराधाला ही शिक्षा? ते धर्मालाच शाप देतात (तोच दासीपोटी जन्मलेला विदुर) आणि वर नियम घालतात: चौदा वर्षांपर्यंतच्या वागण्याचं पाप लागणार नाही.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेली मुलं येतात. 'जन्मल्यावर उशिरा रडला,' हे आयांकडून नेहमी ऐकते. आई पोराचा पाय ताणून धरते, मी गुडघ्याला गेटर, म्हणजे पाय सरळ ठेवणारा पट्टा, बांधते, आणि बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, 'मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय!' आईचे हात तिथल्या तिथे सैल पडतात.

कर्मसिद्धान्ताचं मला वावडं नाही. कर्म आज आणि फळ कधीतरी, मग मधला सांधा कोणता, यावर आपल्याकडे केवढा खल झालाय! वैदिक यज्ञकर्माचा विचार करणारे मीमांसक म्हणतात, यज्ञ संपला तरी 'अपूर्व' नावाची न दिसणारी शक्ती उरते, ती फळ देते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांना, फळ द्यायला ईश्वर लागतो. जैनांच्या मते कर्म म्हणजे जीवाला चिकटणारं सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्यच. पण यातलं काहीही वाचून समोरच्या पोराचा पाय कशाने आखडला, हे सांगता येत नाही.

एका आजींना मी मांडव्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी बरोबर खोच काढली: 'अहो ताई, पण ते बालपणीचं झालं. मागच्या जन्माचं काय?'

मग बुद्ध काढावा लागला. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, त्याला विचारतो, सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, असं काहीजण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं सांगतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र कोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात, आणि आठवा कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळंच पूर्वकर्मावर टाकणारे चुकतात, असं तो स्पष्ट म्हणतो. शिवाय त्याच्या लेखी चेतना, म्हणजे मनातला हेतू, हेच कर्म. मग आईला टोचून बोलणं हेही कर्मच की, आणि ते तर याच जन्मातलं!

आजी 'हं' म्हणाल्या. पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या खेपेला मात्र नातवाचा गेटर घरून स्वतः बांधून आल्या. उलटा होता.