चारचौघांत नाही

'कर्म' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवात. साल १९६७. मी आठ वर्षांचा, तिळगुळाचा डबा घेऊन बायकांमधून फिरायच्या कामावर. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा, भिंतीला टेकवून बसवलेला. आदल्या पावसाळ्यात त्याला चार दिवस ताप आला आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. घोळक्यातून आत्या म्हणाली, "लेकराचा काय दोष? आईबापाचंच काहीतरी मागच्या जन्मीचं असणार." आईच्या हातातली कोयरी क्षणभर तशीच राहिली. मग तिने पुढच्या बाईला कुंकू लावलं.

आत्या वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. भावाचा पाय चोळायला तेल तीच आणून द्यायची, आणि त्याला कडेवर घेऊन अख्खी गल्ली फिरवायची तीच. पण ते वाक्य आईच्या अंगाला चिकटलं. सोळा सोमवार झाले, गुरुवार झाले, कुणी सांगितलं म्हणून एक वर्षभर चपला सोडल्या. काय चुकलं हे माहीत नसताना त्याचं प्रायश्चित्त घेणं कसं असतं, ते मी घरातच पाहिलं.

पुढे मी बँकेत लागलो आणि सदतीस वर्षं आकडे जुळवले. कीर्तनात बुवा कर्माचा सिद्धान्त बँकेच्या भाषेत सांगायचे, तेव्हा माझ्याकडे बघून हसायचे. संचित म्हणजे मुदतठेव, प्रारब्ध म्हणजे या जन्मासाठी काढलेली रक्कम, क्रियमाण म्हणजे रोजचा भरणा. मीही मान डोलवायचो. निवृत्तीनंतर एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेकडे आम्ही चारपाच जण दर गुरुवारी वाचायला बसू लागलो, आणि सगळ्यात आधी मोडली ती ही उपमा.

बँकेत जमा आणि नावे यांची वजाबाकी होते. कर्मात ती होत नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे दुर्योधन थाटात बसलेला. भाऊ कुठे आहेत म्हणून विचारतो, तर त्याला नरकात नेतात. इंद्राचा खुलासा असा, की प्रत्येकाच्या गाठी पुण्यही असतं आणि पापही. पाप जास्त असेल तो आधी स्वर्ग भोगतो, पुण्य जास्त असेल त्याला आधी नरक दाखवतात. धर्मराजाला नरक का, तर अश्वत्थाम्याच्या नावाने द्रोणांना फसवलं म्हणून. एवढ्या मोठ्या पुण्यातून ते एक अर्धसत्य वळतं करून घेता आलं नाही. दोन्ही खाती वेगळी, दोन्ही स्वतंत्रपणे भोगून संपवायची. माझ्यासारख्या माणसाला त्या रात्री झोप लागली नाही.

मीमांसकांची, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांची, भानगड मात्र मला बघताक्षणी कळली. यज्ञ आज केला, स्वर्ग मेल्यावर मिळणार. मधल्या काळात ते फळ असतं कुठे? यज्ञ तर संपला, राखही थंड झाली. त्यांनी उत्तर दिलं, 'अपूर्व'. क्रियेतून निर्माण होणारी, दिसत नसलेली आणि फळ मिळेपर्यंत टिकणारी शक्ती. मी वर्गात मोठ्याने म्हणालो, "हे तर सस्पेन्स खातं!" (कुठे टाकायची ते ठरेपर्यंत रक्कम ठेवायचं खातं.) बाई हसल्या, पण त्यांना ते पटलं असावं. आता ही रक्कम अदा कोण करतो, यावर वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत चक्क वाद आहे. मीमांसेचे जैमिनी म्हणतात, धर्म स्वतःच फळ देतो, वर कुणी बसवायची गरज नाही. ब्रह्मसूत्रकार बादरायण म्हणतात, फळ ईश्वराकडून येतं. म्हणजे व्हाउचर पास करायला कॅशियर लागतो की नाही, यावरच दोन तट. 'आपल्या धर्मात कर्माबद्दल असं सांगितलंय' हे वाक्य मी तेव्हापासून बोलायचं सोडलं. टिळकांनी तर गीतारहस्यातल्या कर्मविपाकाच्या प्रकरणात संचित-प्रारब्ध-क्रियमाण ही त्रिकुटीच मानली नाही. ज्याचं फळ सुरू झालं ते आणि ज्याचं सुरू व्हायचं ते, एवढे दोनच भाग त्यांनी पुरेसे धरले. १९१५ साली छापलेलं पुस्तक, आणि बुवांच्या तीन डब्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

पण ज्या पानावर मी अडकलो ते याहून फार जुनं आहे. बृहदारण्यकोपनिषद, तिसरा अध्याय. जनकाच्या सभेत पंडितांची गर्दी, याज्ञवल्क्यांवर प्रश्नांचा मारा चाललेला. आर्तभाग विचारतो, माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत, डोळा सूर्यात, शरीर मातीत. मग तो माणूस कुठे असतो? एरवी याज्ञवल्क्य भर सभेत फाडफाड उत्तरं देतात. इथे म्हणतात, बाळा आर्तभागा, हात दे. हे आपण दोघंच जाणून घेऊ, लोकांच्या गर्दीत नाही. दोघं उठून बाहेर जातात. काय बोलले ते उपनिषद पूर्ण सांगत नाही. एवढंच सांगतं, की जे बोलले ते कर्माबद्दलच बोलले, पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी.

बाई पुढचा मंत्र वाचू लागल्या आणि मला हळदीकुंकू दिसत होतं. याज्ञवल्क्य सभेतून उठून बाहेर गेले. आत्या उठली नाही.

आता भावाबद्दल. तो मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो. पायाला कॅलिपर, बसायला गुडघ्याइतकं स्टूल, आणि जिभेला धार. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत, पश्चिम बंगालमध्ये. त्या संध्याकाळी भावाने दुकानातून फोन केला. "दादा, एक सांग. २०११ नंतर जन्मलेल्या अख्ख्या देशातल्या पोरांचं मागच्या जन्मीचं पाप एकदम फिटलं का रे?"

मी हा प्रश्न नंतर वर्गात मांडला. एकजण लगेच म्हणाले, भोग रूप बदलतो. पोलिओ गेला तर दुसरं काही येईल. यावर माझं म्हणणं व्यवसायातून आलेलं आहे. जो ताळेबंद दरवेळी पहिल्याच फेरीत जुळतो, त्याच्याकडे ऑडिटर आधी बोट दाखवतो. काहीही घडलं तरी जुळणारा हिशेब कुणाच्याही नावावर टाकता येतो, आणि आपल्याकडे तो ज्यांच्या नावावर टाकला गेला ते बहुतेक वेळा गरीब, बायका नाहीतर वेशीबाहेरचे. चोखोबांच्या मुलाचं नाव कर्ममेळा. आपल्याला हीन जातीत का घातलं, याचा जाब तो अभंगात थेट विठ्ठलालाच विचारतो. त्याने मागचा जन्म मध्ये आणला नाही.

आणि तरीही मी कर्माला केराची टोपली दाखवू शकत नाही, ते गौतमीमुळे. महाभारतातल्या अनुशासनपर्वाच्या अगदी सुरुवातीला भीष्म ही गोष्ट सांगतात. गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला बांधून आणतो आणि विचारतो, कसा मारू? ती म्हणते, सोड. याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. पारधी ऐकत नाही. साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू येतो आणि म्हणतो, मला काळाने. काळ येतो आणि म्हणतो, आम्ही कुणीच नाही, मुलाचं स्वतःचं कर्म. तेव्हा गौतमी म्हणते, खरंय, आणि माझंही काही कर्म असेल म्हणून माझा मुलगा गेला. सोड त्या सापाला.

माझंही काही कर्म असेल. शब्द तेच, जे माझी आई आयुष्यभर म्हणत राहिली. मी कितीतरी दिवस या दोन वाक्यांतला फरक शोधत होतो. गौतमीने सापाला सोडायचं आधीच ठरवलेलं होतं. कर्माची गोष्ट नंतर आली, आणि तिने ती उचलली ती पारध्याचा हात थांबवायला. माझ्या आईच्या हातात साप नव्हताच. तिच्याकडे फक्त ते वाक्य होतं, आणि ते तिला दुसऱ्याने दिलेलं होतं. शेवटच्या आजारपणात एका रात्री तिने मला विचारलं, "काय केलं असेल रे मी?" मी म्हणालो, "आई, झोप आता." सकाळी मला बँकेत इयर-एंडिंग होतं.

गेल्या महिन्यात भावाच्या दुकानात बसून त्याला मांडव्य ऋषीची गोष्ट सांगितली. चोरांनी याच्या आश्रमात माल लपवला, याचं मौन, म्हणून राजाच्या शिपायांनी यालाच सुळावर चढवलं. मेला नाही. सूळ पूर्ण निघेना म्हणून कापला, टोक आतच राहिलं. तो तसाच यमधर्माच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, कशाबद्दल ते दाखव. आमच्या भाषेत, खातेउतारा मागितला. धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. ऋषी भडकला. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? त्याने धर्मालाच शाप दिला, शूद्रेच्या पोटी जन्म घे, तोच विदुर. (शिक्षा म्हणून कुणाचा तरी जन्म वापरायचा, हे त्या ऋषीलाही खटकलं नाही, हे मला खटकतं.) पण त्याने एक नियमही घालून दिला. चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरायचं नाही.

भावाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "चौदापर्यंत नाही?"

"नाही."

"मी दोन वर्षांचा होतो."

"हो."

तो बराच वेळ हातातल्या मोटरकडे बघत होता. मग म्हणाला, "हे आईला कुणी सांगायला पाहिजे होतं."

हा नियम या जन्मातल्या वयाचा आहे, मागच्या जन्माला लागू पडत नाही, हे बाईंनी मला वर्गात स्पष्ट सांगितलं होतं. एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसलेला माणूस मी. भावाला ते सांगितलं नाही.